यंदाची उपकारस्तुती माझ्याकडे

आमच्या मोठ्या काकांची नाताळच्या जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे एक स्वतंत्र उपासनाच असते. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात, मग इस्राएल लोकांना मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून बाहेर काढलं त्याबद्दल आभार, मग मंडळी म्हणजे आमचं चर्च, पाळकसाहेब, सरपंच, सीमेवरचे जवान, नावानिशी सगळे आजारी. तोवर इकडे रश्श्यावरची तर्री थिजलेली असते. लहान मुलं डोळे किलकिले करून चकल्या मोजत बसतात. कुणी हूं की चूं करत नाही. एक तर काका घरात मोठे, मंडळीच्या पंच कमिटीवर बरीच वर्षं काढलेली. आणि खरं सांगायचं तर ते काम दुसऱ्या कुणाला नकोच असतं.

यंदा आजीनं फर्मान काढलं. तिला शुगर आहे, फार वेळ उपाशी राहवत नाही. फोन स्पीकरवर टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "औंदा जेवणाची प्रार्थना पोरगी करील." पोरगी म्हणजे मी, वय वर्षं अडतीस. मीच का, असं विचारलं तर म्हणाली, "तू कॉलेजात शिकवतीस. घंटा झाली की थांबायची सवय हाय तुला."

काका रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "तयारी करून ये. ऐनवेळी सुचत नसतं."

काकांचं खरं होतं. देवाशी मी बोलत नाही असं नाही, पण ते बसमध्ये, परीक्षेचे पेपर तपासताना, रात्री दिवा घालवल्यावर, मनातल्या मनात. आख्ख्या घरासमोर मोठ्यानं बोलायचं म्हटलं की तोंडात आपोआप तयार वाक्यं येतात. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या वापरून ही वाक्यं गुळगुळीत झाली आहेत. "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आजच्या या सुंदर दिवसाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्या हातांनी हे अन्न रांधलं त्या हातांना आशीर्वाद दे. ज्यांना अन्न नाही त्यांची गरज तू पुरव." वाईट काहीच नाही त्यात. मी पुण्याच्या घरी वही घेऊन बसले आणि हे सगळं एका दमात लिहून झालं, अक्षरही छान आलं. वाचून पाहिलं तर ती प्रार्थना कुणाच्याही घरात, कोणत्याही साली चालली असती. आमच्या घराचा त्यात मागमूस नव्हता.

आणि यंदाचं साल असं होतं की सुंदर दिवसाबद्दल आभार मानायला जीभ रेटेना. परतीच्या पावसानं काकांची कपाशी बोंडांतच काळी पडली. कांद्याचं रोप वाफ्यात सडलं, ते पुन्हा टाकावं लागलं. त्याआधी, ऐन पावसाळ्यात, आत्याचे यजमान गेले. आम्ही त्यांना मामाच म्हणायचो. बरेच दिवस दवाखान्यात होते, आत्या तिथेच व्हरांड्यात झोपायची. हा तिचा त्यांच्याशिवायचा पहिला नाताळ, आणि ती सणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडेच येणार होती. तिच्या समोर बसून 'तू आमच्यावर किती कृपा केलीस' हे मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

मग मी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली. आभार म्हटलं की शंभरावं स्तोत्र डोळ्यांपुढे येतं, त्याचा मथळाच 'उपकारस्तुतीचे स्तोत्र' आहे. पाचच वचनं, लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, पाठ केलेली. पण त्यात नुसता जयघोष आहे, आणि मला तेव्हा जयघोष पेलत नव्हता. एकशेछत्तिसाव्यात सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाची दया सनातन आहे हे पालुपद येतं. ते वाचताना काकांची आठवण झाली, कारण त्यातही सुरुवात उत्पत्तीपासूनच आहे. काकांची प्रार्थना कुठून आली ते कळलं, आणि त्यांच्याविषयी थोडा आदरही वाढला.

माझ्या कामाला आलं ते तेरावं. जेमतेम सहा वचनांचं. सुरुवात होते ती सरळ भांडणानं: परमेश्वरा, कुठवर? मला कायमचा विसरलास का? पहिल्या दोन वचनांतच हे 'कुठवर' चार वेळा येतं. आणि शेवटच्या वचनात तोच माणूस म्हणतो की मी गाईन, कारण तू माझ्याशी उदारपणे वागलास. मध्ये काय घडलं? काहीच सांगितलेलं नाही. शत्रू मेला, आजार बरा झाला, पाऊस पडला, असं काही नाही. तक्रार करून झाली आणि गळा मोकळा झाला, इतकंच. बाविसाव्याचंही तसंच. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हे येशूनं वधस्तंभावर उच्चारलेलं वाक्य त्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि तेच स्तोत्र पुढे जाऊन स्तुतीवर संपतं. आमच्याकडे मात्र तक्रार घरी करायची आणि स्तुती चारचौघांत करायची, अशी वाटणी झालेली आहे. ती कुणी केली कोण जाणे.

दुसरी गोष्ट मी केली ती म्हणजे विचारत सुटले. फराळाला गावी थोडी आधीच गेले होते. आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळी, चकल्या सगळं होतं. दिवाळीत ज्या ज्या घरांतून आपल्याकडे ताट आलेलं असतं, त्या घरी नाताळचं ताट जातं, आणि ईदच्या शीरखुर्म्याची परतफेडही तेव्हाच होते. करंज्यांना मुरड घालताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं, अशा वेळी माणूस खरं बोलतं. मी एकेकाला विचारलं, यंदा देवाचे आभार मानायचे तर कशाबद्दल मानशील?

पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच. "देवाची कृपा, अजून काय." मी थांबून राहायचे, पुढची करंजी घ्यायचे. मग दुसरं उत्तर यायचं, आणि ते ऐकण्यासारखं असायचं. आजी म्हणाली, "रात्री लघवीला उठते तवा पाय धरत्यात अजून. भिंत धरावी लागती, पण माणूस उठवावं लागत न्हाई." आईनं सांगितलं की मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा तिचा तिला ओवता येतो. वहिनी आधी लाजली, मग म्हणाली, "सासूबाई माझ्या मोबाइलमध्ये डोकावत नाहीत." सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, शेजारीच पुरण वाटत होत्या. पाट्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

काकांना विचारलं ते विहिरीवर. ते कठड्याला रेलून आत पाहत होते. म्हणाले, "पाणी बघ. हाताला लागतंय. डिसेंबरात एवढं पाणी मी फार वर्षांत पाहिलं नाही. गहू निघेल, कांदा निघेल." माझा चुलतभाऊ मागे मोटारीचा स्टार्टर खोलून बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "ज्या पावसानं विहीर भरली त्यानंच कपाशी नेली, अप्पा. कपाशीचं कर्ज फेडायचंय आधी. आभार कशाचे मानता?" काका काही बोलले नाहीत. मीही नाही. पण मला प्रार्थनेतलं एक वाक्य तिथे मिळालं, आणि ते दोघांच्या बोलण्यातून मिळालं.

आत्याला विचारायचं मी टाळत होते. शेवटी तिनंच विषय काढला. ती शंकरपाळ्या कातत होती, एकसारख्या, जराही तिरकी रेघ नाही. "सगळ्यांना विचारत फिरतीस म्हणे. मला नाही विचारलंस."

"तुला काय विचारू, आत्या?"

"नको विचारू. माझ्या वतीनं आभार मानू नकोस एवढंच. मला अजून जमत नाही. पण माझ्यामुळे बाकीच्यांचं अडवूही नकोस." मग थोड्या वेळानं, "आणि 'तुझी इच्छा होती म्हणून नेलंस' असलं काही म्हणू नकोस. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण हेच म्हणून गेला."

हा मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला. दुःखात असलेल्या माणसाच्या वतीनं देवाला शाबासकी देण्याचा अधिकार आपल्याला नसतो, आणि आपल्याकडे ते सर्रास चालतं.

चोवीस तारखेला संध्याकाळी पाळकसाहेब चर्चमध्ये गव्हाणी लावून घेत होते, तेव्हा त्यांना गाठलं. म्हटलं, साहेब, जेवणाआधी एवढं सगळं बोलायचं म्हणजे परत काकांसारखंच होणार. ते हसले. म्हणाले, "जेवणाआधीच बोललं पाहिजे असं कुठे लिहिलंय? अनुवादाचा आठवा अध्याय काढ, दहावं वचन." अनुवाद हे बायबलमधलं एक पुस्तक. तिथे मोशे लोकांना सांगतो की पोटभर जेवून तृप्त झालात म्हणजे देवानं दिलेल्या त्या उत्तम देशाबद्दल त्याचा धन्यवाद करा. आधी जेवण, मग धन्यवाद. यहुदी घरांमध्ये जेवणानंतरची मोठी उपकारस्तुती याच वचनावरून आजही म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. मोशेचा इशारा पुढे आहे: पोट भरलं, घरं बांधली, गुरंढोरं वाढली की माणूस म्हणू लागतो, हे मी माझ्या हातानं मिळवलं. भुकेल्या माणसाला देव आठवतोच, धोका पोट भरल्यावरचा आहे. मला हे एकदम पटलं, आणि आजीच्या शुगरचाही प्रश्न सुटला.

पंचवीस तारखेला सकाळची उपासना आटोपून सगळे घरी आलो. पडवीत सतरंज्या टाकून पंगत मांडली. मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, भात, आणि काकांचे शेजारी माळकरी आहेत त्यांच्यासाठी काकूंनी वेगळ्या भांड्यात केलेली पुरणपोळी आणि कटाची आमटी. ते दर नाताळला येतात, अगदी काकांच्या लहानपणापासून. आधी पेटीवर एक भजन झालं, टिळकांचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे बरीच वर्षं नगरला राहिले, आणि शेकड्यांनी भजनं लिहून ठेवली, ती आमच्या घरांत अजून पेटीतबल्यावर म्हणतात. माळकरी काकांचे टाळ आमच्या भजनाला चपखल बसतात. त्यांनाही त्याचं काही विशेष वाटत नाही, आम्हालाही नाही.

मग आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी मुलांना म्हटलं, डोळे मिटायचे नसतील तर नका मिटू. पाच भाकरी आणि दोन मासे हातात घेतले तेव्हा येशूनं वर आकाशाकडे पाहिलं होतं, तसं मार्कानं शुभवर्तमानात लिहून ठेवलंय. काकांनी भुवया उंचावल्या, पण वचन बरोबर होतं म्हणून गप्प राहिले.

मी म्हटलं ते साधारण असं होतं:

"बापा, आम्ही सगळे इथे बसलोय, आणि एक जागा रिकामी आहे. ती का रिकामी झाली ते आम्हाला कळत नाही, आणि कळल्यासारखं आम्ही करणार नाही. पाऊस जास्त झाला, त्यानं कपाशी गेली. त्याच पावसाची विहीर भरली आहे. तक्रारही तुझ्याकडेच आहे आणि आभारही तुझेच आहेत. आजीचे पाय धरतात, आईला दोरा दिसतो, घरात भाकरी आहे. ज्याला आज आभार मानता येत नाहीत त्याला तू घाई करू नकोस. हे अन्न आम्हाला लागो. येशूच्या नावानं मागतो."

"आमेन" सगळ्यात मोठ्यानं माळकरी काका म्हणाले. त्यांचं नेहमीचं आहे ते.

माझा आवाज 'रिकामी'ला कापला, ते बहुतेक सगळ्यांच्या लक्षात आलं. आत्या पदर डोळ्यांना लावून बसली होती, मग तिनंच भाकरी मोडली आणि म्हणाली, "चला, घ्या." जेवण सुरू झालं. रश्शातून वाफा येत होत्या, आणि पुढचा बराच वेळ कुणी देवाचं नाव घेतलं नाही. दोनदा मीठ मागितलं गेलं, एकदा नळीवरून मुलांची भांडणं झाली.

दुसरा भाग जेवणानंतरचा. हात धुवायच्या आधीच मी म्हटलं, ज्याला वाटेल त्यानं एकच गोष्ट सांगायची, एका वाक्यात, देवाला उद्देशून. सक्ती नाही. इथे मला भीती होती की हे शाळेतल्या उपक्रमासारखं होईल, आणि सुरुवातीला झालंही तसंच. पुतण्या म्हणाला, "देवा, थँक्यू, माझी सायकल." पुतणी म्हणाली, "माझीपण." तिला सायकल नाही. मग पप्पा बोलले. ते चारचौघांत कधी बोलत नाहीत. ते म्हणाले, "पेन्शन वेळेवर येते, तुझी दया आहे," आणि लगेच पाणी पिऊ लागले. चुलतभावानं मान हलवून पाळी पुढे दिली, सक्ती नव्हतीच. काका दोन वाक्यांवर थांबले. आजी म्हणाली, "आजारी हाय का ह्यो?"

शब्बाथ शाळेत दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगतात, लूकच्या सतराव्या अध्यायातली. दहा बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे परका. लहानपणापासून त्या नऊ जणांना नावं ठेवायला शिकवलेलं. मला त्यांची कणवच वाटते. याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवा, असं त्यांना येशूनंच सांगितलं होतं, ते सांगितल्या वाटेनं चालले होते. कदाचित त्यांतला एखादा संध्याकाळी आला असेल, पण तोवर गोष्ट लिहून झाली होती.

हे मी तिथे बोलले नाही. बोलली ती आत्या. आपली पाळी आहे की नाही याचा विचार न करता, ताटातली हाडं एका बाजूला सारत ती म्हणाली, "शेजारच्या कॉटवर एक म्हातारा होता. त्याची सून मला रोज चहा आणून द्यायची. नाव विचारायचं राहिलं. स्टीलचा पेला होता, त्याला खाली पोचा पडलेला. यांना नेलं त्या सकाळीपण तिनं आणला." थांबली. "तिचं बरं कर." आणि ताट उचलून आत गेली.

ही उपकारस्तुती झाली का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ती देवाला काय म्हणाली ते तिचं तिला ठाऊक. मात्र त्यानंतर कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं. वहिनीनं ताटं गोळा करायला घेतली, माळकरी काकांनी विड्याचं पान जुळवायला घेतलं.

संध्याकाळी काका माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलं आता चुका काढणार. त्यांनी एकच काढली: पापांची क्षमा मागायची राहिली. ते खरंच राहिलं होतं. मग म्हणाले, हंगामाच्या सणाला मंडळीत अशीच करशील का, लिहून ठेव तेवढी. आमच्याकडे त्या सणाला लोक पहिल्या मालातलं धान्य, कोंबड्या, लाल भोपळे चर्चमध्ये आणतात, मग त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. मी म्हटलं, काका, मंडळीत तुम्हीच करा. तिथे घाई नसते, भोपळे थंड होत नाहीत. ते खळखळून हसले, आणि त्याच बैठकीत मिसरातून बाहेर काढण्याचा भाग आपण का गाळत नाही, याचं त्यांनी मला सविस्तर स्पष्टीकरण दिलं. त्यांच्या आजोबांना वेठबिगारीची आठवण होती, त्यामुळे तो भाग त्यांच्या घरात कधी जुना झाला नाही. हे मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षं त्या प्रार्थनेत मी चकल्यांकडे पाहत होते.

पुढच्या नाताळची पाळी आजीनं चुलतभावाला लावली आहे. तो नाही म्हणाला. तिनं ते ऐकून घेतलं आणि वहीत त्याचं नाव घातलं.